वेशीबाहेरचे आणि उंबऱ्याआतल्या: मराठवाड्याची कथा-कादंबरी

मराठवाड्याच्या ग्रामीण कथा-कादंबरीने दोन उपेक्षितांना सातत्याने जवळ केले आहे: वेशीबाहेरचा माणूस आणि उंबऱ्याआतली बाई. पहिल्याला गावात जागा नाही. दुसरीला जागा आहे, पण तिच्या बोलण्याला किंमत नाही. या साहित्याचा गेल्या अर्धशतकाचा प्रवास पाहताना गोष्ट कोणाची आहे, याइतकेच ती सांगते कोण, हेही तपासावे लागते.

हा प्रदेश सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असल्यामुळे मराठी गद्याला येथे उशिरा बळ मिळाले. तत्कालीन औरंगाबादेत 1950 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, 1958 साली विद्यापीठ आले आणि पुढे गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाने दलित लेखकांना हक्काचे व्यासपीठ दिले. खेड्यापाड्यांतील पहिली शिकलेली पिढी या काळात लिहू लागली.

या पिढीतील रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (1971) ही कादंबरी आजही मापदंड ठरते. गावातल्या शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको पारबती स्वतःच्या बोलीत सांगते. शिंप्याचे पोट गावातल्या बड्यांच्या मर्जीवर चालते आणि पारबतीचे आयुष्य नवऱ्याच्या मनःस्थितीवर. गावाने केलेला अन्याय घरात शिरून बाईवर कसा कोसळतो, हे बोराडे यांनी भाष्य न करता दाखवले. पुरुष लेखकाने बाईच्या तोंडी निवेदन दिले, तरी ते उसने वाटत नाही. हे यश मोठे आहे.

वेशीबाहेरच्या माणसाने मात्र कादंबरीपेक्षा आत्मकथनाची वाट धरली. लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला (1987) 1988 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातीचे जगणे मराठी वाचकासमोर आले. पण पोलिसांचा मार, उपासमार आणि जातपंचायतीचा जाच सोसणाऱ्या बायका या प्रकारच्या लेखनात बहुधा आई, बहीण, भावजय म्हणूनच येतात. त्यांचे दुःख दिसते, त्यांचे मन क्वचितच उघडते.

मराठवाड्यातलाच वसमत तालुका आणि परिसर 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यात होता. येथील कुणबाऊ जगणे गद्यापेक्षा कवितेत अधिक ठसठशीत उमटले. तालुक्यातल्या रिढोऱ्याचे इंद्रजित भालेराव हे त्यातले ठळक नाव. गद्यात परभणीचे आसाराम लोमटे यांनी ग्रामीण कथेला हळव्या आठवणींतून बाहेर काढले. 'आलोक' या संग्रहाला 2016 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. निवडणुका, पक्ष आणि शिक्षण आल्यावर गावातली सत्ता संपत नाही, तिचे फक्त रूप बदलते, हे त्यांच्या कथांतून उलगडते.

नांदेडला जन्मलेल्या कविता महाजन (1967–2018) यांनी 'ब्र' (2005) मधून पुढचा टप्पा गाठला. नवऱ्याने घराबाहेर काढलेली प्रफुल्ला एका संस्थेत काम करताना आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटते. कादंबरीचा परिसर मराठवाड्याबाहेरचा आहे. तरीही उंबऱ्याबाहेर पडलेली बाई आणि वेशीबाहेरची बाई येथे समोरासमोर येतात, एकमेकींशी बोलतात. 'भिन्न' (2007) मध्ये त्यांनी एचआयव्हीबाधित स्त्रियांचे जग मांडले.

गोष्ट कोणाची आणि ती सांगते कोण, हा मुद्दा अरबी कादंबरीशी तुलना केली तर अधिक स्पष्ट होतो. ओमानच्या जोखा अल्हार्थी यांच्या 2019 साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळालेल्या कादंबरीत प्रतिष्ठित घरातल्या बहिणी आणि त्याच समाजातली गुलाम स्त्री एकाच पटावर आहेत. कुवेतचे सौद अल्सनौसी यांनी 'साक अल-बांबू'चे (2012) निवेदन कुवेती बाप आणि फिलिपिनो मोलकरीण यांच्या मुलाकडे सोपवले. घराण्याचा इतिहास घराण्यानेच नाकारलेल्यांच्या नजरेतून पाहण्याचे हे धाडस आहे.

मराठवाड्याच्या गद्यात अशी नजर अजून विरळ आहे. वसमतची हळदीची बाजारपेठ राज्यभर प्रसिद्ध आहे. हळद वेचणाऱ्या मजूर बायकांची कादंबरी मात्र दिसत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर 2019 साली वृत्तपत्रांनी प्रकाश टाकला. कथात्म साहित्य त्या तुलनेत मागेच राहिले. हमीद दलवाई यांच्या 'इंधन'ने (1965) कोकणातले मुस्लिम जग मराठीत आणले. मोठी मुस्लिम वस्ती असलेल्या मराठवाड्यात मुस्लिम बाईचे निवेदन मराठी कादंबरीत जवळजवळ अनुपस्थित आहे. भटक्या जमातींतील स्त्रियांचे कथालेखनही तुरळकच आहे.

ही उणीव केवळ प्रतिभेची नाही. मुलींचे अर्धवट सुटणारे शिक्षण, लवकर होणारी लग्ने, हंगामी स्थलांतर आणि प्रकाशनाची केंद्रे दूर असणे, ही तिची कारणे आहेत. बोराडे, लोमटे आणि महाजन यांनी बाईच्या आणि उपऱ्याच्या जगण्याला प्रतिष्ठेचा विषय बनवले. त्या जगण्यातल्या बाया स्वतः लेखिका होतील, तेव्हाच या परंपरेचा पुढचा टप्पा सुरू होईल. आणि त्यासाठी तालुक्याच्या गावी शाळा, वाचनालये व नियतकालिके टिकवणे हे साहित्याचेच काम आहे.