आहारशास्त्राची पदवी : नाव आणि आशय

आहारशास्त्राचा पदवी-अभ्यासक्रम निवडू पाहणारा विद्यार्थी प्रथम पदवीचे नाव पाहतो. ‘गृहविज्ञान’ हे नाव त्यास जुनाट वाटते. ‘पोषण व आहारशास्त्र’ हे आधुनिक वाटते. आणि त्यामागे ‘वैद्यकीय’ हे विशेषण असल्यास ते अधिकच भारदस्त भासते. निवडीची ही रीत सदोष आहे. नावावरून अभ्यासक्रमाचे कूळ कळते, कस कळत नाही.

आपल्याकडे हे कूळ दुहेरी आहे. एक शाखा प्रयोगशाळेतून निघाली. १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूर येथे बेरीबेरी या रोगाच्या अन्वेषणास आरंभ केला. त्या कार्यातून वाढलेली संस्था १९५८ मध्ये हैदराबादेस गेली व १९६९ मध्ये ‘राष्ट्रीय पोषण संस्था’ झाली. दुसरी शाखा गृहविज्ञानाची. १९३२ साली दिल्लीत स्थापन झालेल्या लेडी आयर्विन महाविद्यालयासारख्या स्त्रीशिक्षणाच्या संस्थांतून ती रुजली. अन्नातील कोणत्या घटकाच्या अभावी रोग होतो, हा पहिल्या शाखेचा प्रश्न. ते अन्न घरात कोणी, किती पैशांत व कसे रांधावे, हा दुसरीचा. पहिलीस शास्त्र मानून दुसरीस केवळ स्वयंपाक समजणे, हा आजच्या निवडीमागील मूळ गैरसमज होय.

एक उदाहरण घेऊ. भाजी शिजवलेले पाणी टाकू नये, त्यातून जीवनसत्त्वे जातात, हा गृहविज्ञानाचा सर्वपरिचित धडा आहे. परंतु ज्याची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत व रक्तातील पोटॅशियम वाढले आहे, अशा रुग्णास नेमका उलटा सल्ला द्यावा लागतो : भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावी आणि ते पाणी टाकून द्यावे. ज्याने धडा पाठ केला पण त्यामागील जीवरसायनशास्त्र अभ्यासले नाही, तो येथे रुग्णास अपाय करील. उलटपक्षी, ज्यास पोटॅशियमचे कोष्टक मुखोद्गत आहे पण डाळीच्या कटाची आमटी होते हे ज्याच्या ध्यानी येत नाही, त्याचा सल्ला कागदावरच राहील. कारण डाळीतून उतरलेले पोटॅशियम त्या कटातूनच पुन्हा रुग्णाच्या वाटीत येणार.

या दोन्ही शाखा एका व्यक्तीत नांदू शकतात, याचा दाखला मराठी वाचकास दूर शोधावा लागत नाही. कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली, कुन्नूरच्या प्रयोगशाळेत काम केले, पुढे मुंबईत नीरेसारख्या सामान्यांच्या पेयावर संशोधन केले. आणि ‘आहार-गाथा’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. प्रयोगशाळा व स्वयंपाकघर यांत त्यांनी उच्चनीच भाव मानला नाही.

यास्तव माहितीपुस्तिका वाचताना मुखपृष्ठापेक्षा आतील तपशील पाहावा. जीवरसायनशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र यांस किती सत्रे दिली आहेत? रुग्णालयात अनुभवी आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली किती तास काम करावे लागते, आणि ते रुग्णालय कोणते? अंगणवाडीत वा वस्तीत जाऊन आहाराची पाहणी करावी लागते काय? अन्नप्रयोगशाळा प्रत्यक्ष चालते, की छायाचित्रापुरतीच आहे? ज्या पुस्तिकेत या प्रश्नांची उत्तरे नाहीत, तिचा तो मौनभागच अधिक बोलका समजावा.

हा आग्रह केवळ तात्त्विक नव्हे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ यांस आरोग्यव्यवसायांच्या सूचीत स्थान दिले. त्याच अधिनियमाच्या अनुषंगाने विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. रुग्णाजवळ उभे राहिल्यावाचून हे शास्त्र शिकता येत नाही, हे तत्त्व त्यात गर्भित आहे. तथापि वर्गात हजेरी लागली म्हणजे ते साध्य झाले, असेही नव्हे. बंदीने वाईट वाट मिटते, चांगली वाट आपोआप तयार होत नाही.

गृहविज्ञान विभागांची नावे बदलण्याची घाई झालेल्या विद्यापीठांनीही याचा विचार करावा. नाव बदलून जीवरसायनशास्त्राचा एक तासही वाढला नसेल, तर विद्यार्थ्याची फसवणूक होते. आणि नाव बदलताना स्वयंपाकघराचा अभ्यासच वगळला असेल, तर पुढे त्या विद्यार्थ्याकडे येणाऱ्या रुग्णाची होते. यांतील दुसरी अधिक गंभीर होय.