बायबलमधील कथांतील संख्या : मोजणी आणि मूल्य

प्रस्तावना
बायबलमधील कथांत संख्या वारंवार येतात. नोहाच्या काळी 40 दिवस व 40 रात्री पाऊस पडतो. इस्राएलचे वंश 12 आणि येशूचे प्रेषितही 12. या संख्यांना कोणी ऐतिहासिक नोंद मानतात, तर कोणी गूढ संकेत. प्रस्तुत लेखात त्यांचा वाङ्मयीन अंगाने विचार केला आहे.

मराठी वाचकाला ही दृष्टी परकी नाही. बिलोलीच्याच नांदेड जिल्ह्यातील माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. येथील ‘साडेतीन’ ही केवळ मोजणी नव्हे; तिच्यात श्रद्धेने दिलेले मूल्य आहे. फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये गोव्यात प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त बायबलच्या कथा सांगितल्या त्या ओवीत, आणि ओवीही साडेतीन चरणांचीच मानली जाते.

विवेचन
मत्तयाने अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंतच्या वंशावळीचे 14 पिढ्यांचे 3 गट पाडले आहेत. जुन्या करारातील राजावळीशी ताडून पाहता अहज्या, योवाश व अमस्या हे 3 राजे त्यात गाळलेले दिसतात. हिब्रू अक्षरांच्या अंकमूल्यानुसार ‘दावीद’ या नावाची बेरीज 14 होते. म्हणजे येथे गणनेपेक्षा रचना महत्त्वाची ठरते.

लूककृत शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात 100 मेंढरांतील 1, 10 नाण्यांतील 1 आणि 2 पुत्रांतील 1 हरवतो. हानीचे प्रमाण शेकडा 1 वरून 10 वर आणि पुढे 50 वर जाते. शोधणाऱ्याची तळमळ मात्र पहिल्या कथेतही उणी नाही. थोरला पुत्र आपल्या सेवेच्या वर्षांचा हिशेब मांडतो आणि घराबाहेर उभा राहतो. पिता त्याचीही समजूत घालण्यास बाहेर येतो. हिशेबी वृत्तीवरील ही मार्मिक टीका आहे.

तथापि या मूल्यदृष्टीलाही मर्यादा आहेत. 5 भाकरी व 2 मासे यांच्या कथेत मत्तय उरलेल्या तुकड्यांच्या 12 टोपल्या मोजतो, जेवणारे सुमारे 5 हजार पुरुषही मोजतो. स्त्रिया व मुले मात्र या आकड्याबाहेर राहतात. 1 मेंढराचे मोल जाणणाऱ्या परंपरेतील हे मौन समीक्षेने दृष्टिआड करू नये.

निष्कर्ष
बायबलमधील संख्या कथेची रचना घडवतात आणि मूल्यभाव व्यक्त करतात. म्हणून ‘किती’ या प्रश्नाबरोबरच ‘कोणाला मोजले आणि कोणाला वगळले’ हा प्रश्नही अध्यापनात उपस्थित होणे आवश्यक आहे.