नुक्ता, रेषा आणि अवकाश : दृश्यरचनेच्या मूलघटकांचा पुनर्विचार

दृश्यरचनेचे मूलघटक शिकविताना बिंदू, रेषा, आकार, अवकाश, छटा, रंग आणि पोत अशी यादी देण्याचा प्रघात आहे. बाउहाउस या जर्मन कलाशाळेतील अध्यापक वासिली कांडिन्स्की यांनी १९२६ मध्ये बिंदू, रेषा व प्रतल या विषयावर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. अशी यादी सोयीची खरी. परंतु तिच्यात घटक सुटे सांगितले जातात, त्यांना एकत्र बांधणारे माप सांगितले जात नाही. ही उणीव अरबी-फारसी सुलेखनाच्या, म्हणजे खुशनवीसीच्या, संदर्भात ठळकपणे जाणवते.

प्रमाणबद्ध अक्षरलेखनाची पद्धत अब्बासी वजीर इब्न मुक्ला (मृत्यू इ. स. ९४०) यांच्या नावाशी जोडली जाते. बोरूचे टोक कागदावर तिरके टेकविले की चौकोनी नुक्ता उमटतो. अलिफची उंची किती, बेची आडवी रेघ किती लांब, नूनचा बाक किती खोल, हे सारे नुक्त्यांनी मोजले जाते. बोरू जाड असो वा बारीक, प्रमाण ढळत नाही. म्हणजे बिंदू हा येथे यादीतला केवळ पहिला घटक नसून इतर घटकांचा मापदंड आहे. शिवाय तो अर्थवाहकही आहे. 'खुदा' आणि 'जुदा' या दोन शब्दांत लिपीच्या दृष्टीने फरक असतो तो एका नुक्त्याच्या जागेचा. वर की खाली, एवढाच.

अवकाशाचे उदाहरण विजापूर येथे (२०१४ पासून अधिकृत नाव विजयपुरा) पाहावयास मिळते. दुसरा इब्राहीम आदिलशाह (कारकीर्द १५८०-१६२७) याच्या रौजाच्या खिडक्यांत दगडी अक्षरांचीच जाळी आहे. अक्षरांमधील जागा कोरून काढलेली असल्याने उजेड त्या मोकळ्या जागेतून आत येतो. कागदावर शाई अक्षर दाखविते. येथे ते काम प्रकाश करतो. रंगाचा आधार न घेता केवळ छाया-प्रकाशावर रचना तोललेली आहे. रिकामी जागा म्हणजे 'उरलेली' जागा, हा समज ही एक खिडकी पाहिली तरी दूर होतो.

अर्थात या शैलीला मर्यादाही आहे. अक्षरे एकमेकांत इतकी गुंफली जातात की जाणकारालाही मजकूर सहज लागत नाही. लय वाढते तशी सुवाच्यता घटते. मजकूर नक्षीत विरून जातो. केवळ भक्तिभावाने किंवा केवळ कौतुकाने पाहणाऱ्याच्या नजरेतून ही गोष्ट निसटते. समीक्षेने ती नोंदविली पाहिजे.

उर्दू मजकूर आता बहुतांशी संगणकावर जुळविला जातो. त्यामुळे मुद्रण सुलभ झाले, हे निर्विवाद आहे. मात्र नुक्ता मोजणारा हात विरळ होत आहे. उर्दू शिकणारा विद्यार्थी चित्रकलेच्या तासाला 'प्रमाण' आणि 'अवकाश' हे शब्द पाठ करतो. पण आपण रोज जी अक्षरे गिरवितो त्यांतच त्या शब्दांचा प्रत्यय आहे, हे त्याला कोणी दाखवीत नाही. अलिफ नुक्त्यांनी मोजण्याचा एक पाठ चित्रकलेच्या वर्गात घेतला, तर मूलघटकांची ती यादी पाठांतरापुरती राहणार नाही; आणि सुलेखन हे निव्वळ धार्मिक सजावट नसून दृश्यरचनेचे शास्त्र आहे, हेही विद्यार्थ्याला उमगेल.