दहा सेकंदांची सुनावणी

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकावर प्रस्थापित समीक्षेने पुष्कळ लिहिले. बेणारेबाईंचे एकाकीपण, मध्यमवर्गीयांची दडलेली हिंसा, शेवटचे दीर्घ स्वगत. हे सारे खरे आहे. मी मात्र दर वेळी त्या स्वगताच्या अलीकडे अडतो. खेळातले न्यायाधीश काशीकर शिक्षा सांगण्यापूर्वी आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात.

दहा सेकंद! खोट्या कोर्टालाही न्यायाचा देखावा सोडवत नाही. बेणारेचे स्वगत चालू असताना रंगमंचावरची सारी माणसे थिजलेली. ऐकतो तो प्रेक्षक. मग वेळ संपते आणि निकाल येतो: पोटातला गर्भ नष्ट करावा. आरोप भ्रूणहत्येचा, शिक्षाही भ्रूणहत्येची! सामंताने कादंबरीतून उचललेली साक्ष या कोर्टाला चालते. आरोपीचे म्हणणे तेवढे नको असते.

नाटक आले तेव्हा १८९८ ची फौजदारी संहिता चालू होती. दोषी ठरलेल्याचे शिक्षेबाबत वेगळे म्हणणे ऐकण्याचे बंधन तिच्यात नव्हते. ते १९७३ च्या संहितेने, कलम २३५(२) ने, घातले. १९७६ साली संता सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एवढ्याच कारणासाठी फाशी रद्द करून प्रकरण खाली परत पाठवले. ऐकणे म्हणजे तोंडी दोन वाक्ये नव्हेत, आरोपीचे पूर्वायुष्य, त्याची परिस्थिती पुराव्यानिशी मांडू दिली पाहिजे, असे बजावले. २०२४ मध्ये नवी संहिता आली, तिच्यातही ही तरतूद राहिली. कायद्याला जे नंतर सुचले त्याची उणीव तेंडुलकरांनी आधी दाखवली, हे मान्य केलेच पाहिजे.

पण बेणारेला निदान प्रेक्षक मिळाला.

१९५६ च्या धर्मांतरानंतर माझ्या बाने मेलेले ढोर ओढायला नकार दिला. गावाने चावडीपुढे बोलावले. बा पायरीखाली उभा. मजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद, हे सारे आदल्या रात्रीच ठरलेले. तरी रीत म्हणून एकाने विचारले, “तुझं काय म्हणणं?” बा म्हणाला, “काही न्हाई.” पुढे शिकलो, हक्कांची भाषा आली, तेव्हा मी चिडून त्याला विचारले, तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, “त्यांनी इचारलं कुठं? ठरलेलं आयकवलं.”

खटला खेळापलीकडे गेल्यावर बेणारे बहुतेक गप्प असते. हे मौन तिच्या हतबलतेचे, असे मीही पूर्वी लिहिले होते. आता ते मागे घेतो. ते स्वगत प्रेक्षकाने ऐकले; कोर्टापुढे मात्र त्यातला एक शब्दही ती बोललेली नसावी.