कोटणीसकथेतील हरवलेला शिक्षक

चरित्रावर आधारलेल्या कलाकृतीचे परीक्षण करताना ती वस्तुस्थितीशी कितपत इमान राखते, एवढेच पाहून भागत नाही. चरित्रनायकाच्या आयुष्यातील कोणता भाग तिने सारभूत मानला आणि कोणता गौण ठरविला, हे पाहणे अधिक उद्बोधक असते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांच्या जीवनावर दोन प्रमुख कृती निर्माण झाल्या. ख्वाजा अहमद अब्बास यांचे ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे इंग्रजी पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि त्याच आधारावर व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट १९४६ मध्ये पडद्यावर आणला. चित्रपटाच्या पटकथेत अब्बास यांच्यासमवेत व्ही. पी. साठे यांचाही हात होता. देशभक्तिपर कलाकृती म्हणून ह्या दोहोंचा गौरव पुष्कळ झाला आहे. आरोग्यशिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्यांची चिकित्सा व्हावयास हवी.

प्रथम चरित्र पाहावे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले कोटणीस मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पथकात अटल, चोळकर, मुखर्जी व बसू ह्या डॉक्टरांबरोबर त्यांचा समावेश होता. १९३९ च्या फेब्रुवारीत हे पथक येनानला पोहोचले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कॅनडाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून हे रक्तदोषाने मरण पावले, आणि त्यांच्या नावाने सीमाप्रदेशात चाललेल्या आरोग्यविद्यालयात कोटणीस अध्यापक झाले. १९४१ च्या जानेवारीत बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपदही त्यांच्याकडे आले. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, त्याच भाषेतून ते शिकवू लागले आणि विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियाशास्त्राचे पाठ्यलेखन त्यांनी हाती घेतले. त्याचा पहिला भाग सिद्ध झाला. दुसरा अपुरा असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान ह्याही त्याच विद्यालयात परिचर्येचे शिक्षण देत असत.

ह्या चरित्राचे मर्म शोधू गेल्यास ते अध्यापनात सापडते. एका शस्त्रवैद्याच्या हातून शंभर जखमी बरे होतील; पण त्याने तयार केलेले पन्नास विद्यार्थी पन्नास ठिकाणी तेच काम करीत राहतील. ज्या प्रदेशात औषधांचा तुटवडा आणि शत्रूच्या स्वाऱ्यांमुळे विद्यालयाचेच एका गावाहून दुसऱ्या गावी स्थलांतर, अशी अवस्था होती, तेथे तर ह्या कामाला पर्यायच नव्हता.

उपर्युक्त दोन्ही कृतींचा भर मात्र वेगळ्याच ठिकाणी पडला आहे. पुस्तकाच्या नावातच न परतलेल्या एकाचा निर्देश आहे. म्हणजे मृत्यू हेच कथेचे प्रयोजन ठरले. चित्रपटात प्लेगाच्या साथीवरील विजय, शत्रूच्या हाती सापडणे आणि तेथून निसटणे, अशा प्रसंगांची योजना आहे. पत्नीचे पात्र नायिकेच्या साच्यात बसविल्यामुळे तिचे शिक्षिकापण मागे पडते. प्लेगाची निवड अर्थपूर्ण आहे. १८९६ नंतरच्या साथींची स्मृती मुंबई इलाख्यातील प्रेक्षकांच्या मनात ताजीच होती. प्लेग म्हटला की संकट, धैर्य आणि बलिदान ही तिन्ही विनासायास उभी राहत. वर्गात फळ्यासमोर उभा असलेला डॉक्टर तितक्या सहजतेने हृदयाला हात घालीत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. चित्रपट हे नाट्य आहे, अहवाल नव्हे. पाठ देणे हे नाट्यपूर्ण नसल्याने ते वगळले गेले, यात वावगे काय? परंतु परक्या भाषेत चाचपडत शिकवू लागलेला सोलापूरचा तरुण आणि त्याच्यासमोर बसलेले, दुसऱ्याच दिवशी रणभूमीवर जावयाचे असलेले विद्यार्थी, हे दृश्य नाट्यशून्य कसे म्हणावे? उणीव विषयात नव्हती. वीरत्वाच्या रूढ कल्पनेत होती.

१९४६ ह्याच वर्षी भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, असे चित्र त्या अहवालाने मांडले. मनोरुग्णांसाठी साऱ्या देशात सुमारे १०,००० खाटा होत्या. वैद्यकीय विद्यार्थ्याला रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण मिळावे, ही शिफारस त्यातलीच. देशाला हुतात्म्यांइतकीच, किंबहुना अधिक, शिक्षकांची निकड असल्याचे अहवाल सांगत होता. त्याच वेळी पडद्यावर ज्या डॉक्टराची प्रतिमा कोरली जात होती, तो शिक्षक असूनही त्याचे शिक्षकत्व झाकले गेले.

कोटणीसांच्या मृत्यूचे कारण ह्या संदर्भात विशेष विचारात घेण्याजोगे आहे. त्यांना अपस्माराचे झटके येत होते आणि त्यातच त्यांचा अंत झाला. तशा अवस्थेतही त्यांनी रुग्णालय व अध्यापन सोडले नाही. अपस्मार हा मेंदूचा विकार. पण आकडी आलेल्याच्या नाकाशी कांदा वा वहाण धरणारा आणि लग्नाच्या बोलणीत हा आजार लपविणारा आपला समाज त्याला वेडाच्याच पंक्तीला बसवीत आला आहे. प्लेगाशी झुंजणारा नायक समाजाला मानवतो. फेफरे येत असतानाही वर्ग घेणारा नायक त्याला पचविता आला असता, तर एका कलंकाचे निराकरण घडले असते. कथेचा भार प्लेगावर टाकल्याने ती संधी हुकली.

पुढील इतिहास ह्या उणिवेचे मोल दाखवितो. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व कर्मचारी यांना तीव्र मनोविकार आणि अपस्मार ओळखून उपचार करण्याचे शिक्षण देण्यात आले. त्याच नमुन्यावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. करमाळ्याहून फार दूर नसलेल्या जामखेडात रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. ह्या दोन्ही उपक्रमांची प्रतिष्ठा शिकविण्यावर उभी आहे. तरीही लोकमानसात डॉक्टराची थोरवी शस्त्रक्रियेने वा त्यागाने मोजली जाते, आणि प्रशिक्षणाच्या कामाला दुय्यम लेखले जाते.

शांताराम यांच्या चित्रपटाचे ऐतिहासिक मूल्य यामुळे नाहीसे होत नाही. पारतंत्र्याच्या अखेरच्या पर्वात आशियातील दोन राष्ट्रांच्या स्नेहाची जाणीव त्याने प्रभावीपणे करून दिली. मात्र सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि कोटणीसांच्या घराचे स्मारक झाले आहे. ह्या गावाने आपल्या डॉक्टराची ओळख चित्रपटाच्या हवाली करून स्वस्थ राहणे योग्य नव्हे. त्या अपुऱ्या पाठ्यलेखनाचा शोध, त्याचा मराठी परिचय आणि आरोग्यशिक्षणाच्या इतिहासात त्याची स्थाननिश्चिती, हे काम अभ्यासकांच्या वाट्याचे आहे.