‘कोंकणी भाषेचें जैत’ : एक पुनःपरीक्षण

शणै गोंयबाब या नांवानें लिहिणारे कै. वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर (१८७७–१९४६) यांचा ‘कोंकणी भाषेचें जैत’ हा ग्रंथ १९३० सालचा. कोंकणी ही मराठीची पोटभाषा नव्हे, हें मुंबईंत राहून लिहिणाऱ्या या ग्रंथकाराचें प्रतिपाद्य. प्रतिपादन वकिली वळणाचें आहे. नांवांतच ‘जैत’ असल्यावर निराळी अपेक्षा ती काय करावी?

तथापि संस्कृतज्ञांनीं हा पक्ष तपासून पाहण्याजोगा आहे. कोंकणींतील ‘हांव’ हें सर्वनाम अहम्, स्वार्थीं क लागून अहकम्, अपभ्रंशांतील हउं, या परंपरेनें आलें. आमचा ‘मी’ तृतीयेच्या मया या रूपाकडून आला. म्हणजे मूळ प्रथमेशीं नातें कोंकणीनें राखिलें, मराठीनें सोडिलें. एवढ्यानें भाषास्वातंत्र्य सिद्ध होतें असें मात्र नाहीं. नपुंसकलिंग दोघींनींहि राखिलें आहे, अ. का. प्रियोळकरांसारख्या व्यासंगी पंडितानें विरुद्ध पक्ष घेतला तो केवळ अभिमानापोटीं नव्हे. सु. मं. कत्रे यांचा कोंकणीच्या घडणीवरील इंग्रजी ग्रंथ (१९४२) दोन्ही पक्षांनीं शेजारीं ठेवावा.

पोर्तुगालांत ब्रागा येथील ग्रंथालयांत रामायण-महाभारतकथांच्या कोंकणी गद्य पोथ्या रोमन लिपींत आहेत. या वादांत त्यांची साक्ष अग्रस्थानीं हवी. मात्र रोमन लेखनांत ऱ्हस्वदीर्घत्व नीट उमटत नाहीं, हें लिप्यंतरकारांनीं विसरूं नये.

१६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें तीन वर्षांत देशभाषा टाकण्याचा हुकूम काढिला. त्यानें कोंकणी मेली नाहीं. शाळेची गोष्ट निराळी. प्रस्तुत लेखकानें गिरगांवांतील एका शाळेंत शिकवितांना ‘हांव’ म्हणणाऱ्या मुलांस ‘अशुद्ध’ म्हणून कितीदां तरी खालीं बसविलें, आणि त्याच तासास अहम्, आवाम्, वयम् घोकून घेतलें. ‘जैत’ तेव्हां वाचलें नव्हतें.

१९७५ सालीं साहित्य अकादमीनें, १९८७ सालीं गोव्याच्या कायद्यानें आणि १९९२ सालीं घटनेच्या आठव्या परिशिष्टानें कोंकणीस भाषा म्हणून मान्यता दिली. परंतु १९९० पासून देशी भाषांच्या प्राथमिक शाळांपुरतें असलेलें गोव्यांतील अनुदान २०११ सालीं इंग्रजी शाळांसहि खुलें झालें. मराठीशीं भांडतांना ग्रंथकारांनीं या तिसऱ्या पक्षाची पुरेशी दखल घेतली असें वाटत नाहीं; आम्हींहि घेतली नाहीं.

ग्रंथाची मराठी टीपांसह नवी आवृत्ति निघाल्यास व्युत्पत्तीचीं प्रकरणें संस्कृत-प्राकृत रूपांशीं ताडून छापावीं. ज्यांच्या संग्रहीं मूळ आवृत्तीची प्रत असेल, त्यांनीं ती दाखवावी.