मुलाला सांगावे की सांगू नये?

घरात मृत्यू आला की मुलाला शेजारी पाठवायचे आणि ‘आजी देवाघरी गेली’ एवढ्यावर भागवायचे, हा आपल्या घरांतला जुना परिपाठ. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ (२००४) या चित्रपटाने त्याचीच परीक्षा घेतली, असे आम्हांला वाटते.

कोकणातल्या लहानग्या परशुरामाला डोळ्यांचा कर्करोग आहे. प्राण वाचवायचे तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेपूर्वी हे मुलाला कळलेच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह. आजोबांची मात्र जीभ रेटत नाही. पुढे बिथरलेल्या नातवाला ते उपदेश करीत बसत नाहीत. रुग्णालयाबाहेर नेऊन त्याला शहर डोळे भरून पाहू देतात. अरुण नलावडे यांच्या संयत अभिनयामुळे ही मूक सोबतच सांत्वन होते.

उणीव एकच. मुलगा गावी परततो तिथे चित्रपट संपतो. नंतरचे लांबलचक दिवस पडद्याबाहेर राहतात. त्या दिवसांचा पल्ला साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने (१९३५) दाखवला आहे. आईच्या अंतकाळी जवळ नसलेला श्याम मोठेपणी आश्रमातल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्र, अशा ४२ रात्री, तिच्याविषयी सांगतो. आणि ते ऐकतात.

दोन्ही कृती एकत्र ठेवल्या की आमच्या मते उत्तर मिळते. मुलाला खरे सांगावे, सांगताना जवळ बसावे. आणि गेलेल्या माणसाचे नाव त्याने पुढे कधीही काढले, तरी विषय बदलू नये.